आधी घर, मग शाळा

(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त बीड जिल्ह्यातील शिक्षक-शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, आपल्या मुक्ती सदनात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. बाईंची कर्मभूमी बीड नव्हे. त्या वारल्या त्या वेळी हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि येथे मुलींच्या शाळेची गोष्ट काढणेही कठीण होते. मग त्यांचे स्मरण येथे कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर भूगोलातच सापडते. केडगाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर, दौंड तालुक्यात आहे. त्या तालुक्याच्या शिवारांत आज ऊस उभा असतो आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या गावांतून निघालेल्या टोळ्या तो तोडायला तिकडे जातात. आईबापांच्या मागे गाडीत बसून मुलीही जातात. ज्या परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने दुष्काळातील निराधार मुलींना घर दिले आणि त्याच घरात शाळा काढली, त्याच परिसरात आज आपल्या जिल्ह्यातील मुली पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन बसतात. शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्यांची नावे तशीच असतात. या दोन चित्रांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

रमाबाईंचे चरित्र आपल्याला स्थूलमानाने ठाऊक आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्री-पंडितांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने आपल्या मुलीला शिकविले. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून खंगून गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, बहुतांशी पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीची बंधने ओलांडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांच्या आत तेही वारले, आणि १८८२ साली हाती तान्ही मनोरमा घेऊन ही विधवा पुण्यात आली.

त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शिक्षणासाठी स्त्री-शिक्षिका हव्यात, त्यांना नीट तयार केले पाहिजे आणि स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्या साक्षीचा सारांश होता. पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाची फ्रोबेलची पद्धत अभ्यासली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि सभांमागून सभा घेऊन आपल्या कार्यासाठी दहा वर्षांच्या अर्थसाहाय्याचे वचन मिळविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

येथवरची हकीकत पाठ्यपुस्तकांतही येते. अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी म्हणून माझे लक्ष वेधले जाते ते शारदा सदनाच्या रचनेकडे. मुलींच्या शाळा तेव्हा महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. आपल्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्याच्या ठाण्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी आपली शाळा काढली. तेव्हा रमाबाईंनी नवे काय केले? त्यांनी ओळखले की, जिच्या डोक्यावर छप्पर नाही, जिच्या जेवणाची शाश्वती नाही आणि जिच्या घरातच तिच्या शिकण्याला वैरी बसले आहेत, तिला दिवसाचे पाच तास धडे देऊन भागत नाही. तिला आधी घर द्यावे लागते. शारदा सदन ही शाळा होती, पण त्याआधी ते विधवेचे माहेर होते.

हे माहेर किती फलदायी ठरले याचा एकच दाखला देतो. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम स्थापन केला व जो पुढे हिंगण्यास वाढला, त्याची पाळेमुळे शोधताना शारदा सदनाला वगळता येणार नाही. हिंगण्याचा उल्लेख आपण गौरवाने करतो आणि केडगावचा उल्लेख आला की घसा खाकरतो, ही आपल्या प्रागतिक म्हणविणाऱ्या समाजाची एक जुनी खोड आहे.

घसा खाकरण्याचे कारण उघड आहे. बाई ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. बाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. जोतीरावांनी मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’ या आपल्या पत्रिकेत रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. या देशातील धर्मव्यवस्थेने स्त्रीला काय दिले हा प्रश्न आधी विचारावा आणि मग ती दुसरीकडे का गेली याचा जाब मागावा, अशी त्यांची दृष्टी होती.

मी स्वतः कोणत्याही उपासनापंथाचा नाही. निराधार मुलीला आश्रय देणाऱ्याने तिच्या श्रद्धेला हात लावावा काय, हा प्रश्न मला आजही गंभीर वाटतो. जिचे अन्न आपल्या हाती आहे तिच्या संमतीला स्वतंत्र संमती म्हणताना विचार करावा लागतो. हा आक्षेप कोणत्याही धर्माच्या अनाथालयाला लागू आहे, आणि रमाबाईंवरील आदरापोटी मी तो गिळणार नाही. पण या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. ज्यांनी मुली काढून नेल्या, त्यांतील किती जणांनी त्या मुलींसाठी त्याच तोलाचे दुसरे घर उभारले? कर्व्यांसारखे मोजके अपवाद सोडले तर बाकीच्यांचे धर्मरक्षण मुलीला पुन्हा अंधाऱ्या खोलीत नेऊन बसविण्यापाशीच संपले.

शिवाय बाई कोणाच्या हातचे बाहुले नव्हत्या. इंग्लंडमध्ये त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मुंबई व लाहोरच्या बिशपांनी सुचविले. ते त्यांना मुळीच मानवले नाही आणि त्यांनी त्याचा स्पष्ट शब्दांत प्रतिवाद केला. ख्रिस्ती धर्मातील सिद्धान्तही स्वतःच्या बुद्धीला पटल्यावाचून त्या मान्य करीत नसत आणि त्यापायी आपल्याच धर्मगुरूंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते आरोप नाकारले आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. हिंदू सनातन्यांपुढे, ख्रिस्ती बिशपांपुढे आणि गोऱ्या सरकारपुढे सारख्याच ताठ मानेने उभी राहिलेली दुसरी व्यक्ती त्या काळात शोधूनच काढावी लागेल.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बाईंनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. अशा वेळी मुलींचे काय होते, त्यांना कोण उचलून नेतो आणि कोठे विकतो, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्या तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण स्त्रिया घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावातील माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे आचार सांभाळण्याची मुभा ठेवलेली होती. केडगावच्या मुक्ती सदनात सर्व जातींच्या मुली एका पंगतीस बसल्या. दुष्काळाने जी समता उपाशी पोटी आणली होती, तिला बाईंनी भरल्या ताटाचा आधार दिला.

दोन हजार माणसांचा संसार केवळ देणग्यांवर चालत नाही. अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार, हे ओळखून बाईंनी आधीच केडगावास सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था उभी करावी, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली. विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, छपाई अशी कामे उभी राहिली आणि ती सर्व स्त्रिया करू लागल्या. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था होती आणि तेथे मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीला ते वाचता यावे हा त्यामागील हेतू होता. त्याचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली. ज्या मुलीला काल भाकरीचा तुकडा मिळत नव्हता, ती आज हिब्रू अक्षरांचे खिळे जुळविते, यापरता शिक्षणाचा मोठा पुरावा कोणता?

या वसाहतीच्या मध्यभागी प्रार्थनामंदिर होते. त्या मंडळीच्या बाई माता होत्या, शिक्षिका होत्या, कारभारीण होत्या. एका व्यक्तीच्या हाती एवढी सत्ता असणे लोकशाहीवाद्याला खटकते, आणि खटकलेच पाहिजे. पण ती सत्ता त्यांनी स्वतःच्या सुखासाठी वापरली नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. निजामी राज्यात, गुलबर्ग्यास, मुलींच्या शिक्षणाचे काम उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. एकुलती एक मुलगी आणि कार्याची वारस एकाच दिवशी हरपल्यावरही या मातेने भाषांतराच्या मुद्रितांचे काम सोडले नाही. संस्था त्यांच्या मागे टिकली आणि केडगावास ती आजही काम करते आहे.

मित्रहो, महाराष्ट्रातील गरिबांच्या शिक्षणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिजातींची वसतिगृहे उभारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची आई झाले. या सर्वांना जे उमगले होते, ते स्त्रियांच्या बाबतीत रमाबाईंना १८८९ मध्येच उमगले होते. गरिबाच्या मुलाला शाळेत यावयाचे तर त्याच्या निवाऱ्याचा आणि पोटाचा प्रश्न शाळेलाच सोडवावा लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. येथे ऊसतोडीची मजुरी माणसावर ठरत नाही, कोयत्यावर ठरते. कोयता म्हणजे जोडपे, नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. एकटा तरुण अर्धा कोयता ठरतो आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धी. या एका व्यवहारात बालविवाहाचे अर्थकारण दडलेले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटाच्या सुमारे ४३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. यात परंपरेचा भाग आहेच, पण परंपरेला पोसणारा बाजारही आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे येथे ८०७ मुली होत्या. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कामाला एक दिवस खाडा पडला तर मजुरी कापली जाते, आणि पाळी किंवा बाळंतपण म्हणजे खाडा, असा हा हिशेब आहे.

अशा घरातील बारा वर्षांच्या मुलीला शाळेत ठेवणे म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या भाषेत मांडू. शाळेला फी नाही, पुस्तके मोफत आहेत आणि २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू आहे. तरीही शिक्षण फुकट नाही. ती मुलगी कोपीवर पाणी भरते, भाकरी थापते, धाकटे मूल सांभाळते, म्हणून आई पहाटे फडात जाऊ शकते. मुलगी शाळेत राहिली तर आईचा अर्धा दिवस बुडतो. आणि तिला गावी ठेवावे तर कोणाच्या भरवशावर? ‘मुली घरी सुरक्षित नाहीत’ हे वाक्य आपण शिक्षकांनी पालकांच्या तोंडून किती वेळा ऐकले आहे! मग आईबाप तिला बरोबर नेतात किंवा तिचे लग्न लावून टाकतात. त्यांना अडाणी म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः दिलेल्या परिस्थितीत त्यांनी केलेला हिशेब चुकीचा नसतो. परिस्थिती चुकीची असते, आणि ती बदलण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्याची नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. साखरशाळांचे प्रयोग झाले, हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. त्यासाठी कल्याण महामंडळाला साखर कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यावेत व तितकीच भर सरकारने घालावी, असे ठरले. तत्त्व म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. मुलीच्या शिक्षणाचा खर्च हा कोणाचा दानधर्म नव्हे, तो साखरेच्या उत्पादनखर्चाचा भाग आहे, हे यात प्रथमच मान्य झाले. चहात साखर घालणाऱ्या प्रत्येकाने त्या मुलीचे बालपण आजवर फुकट वापरले आहे.

पण योजना जाहीर होणे आणि घर उभे राहणे यांत अंतर असते. इमारत भाड्याने घेता येते, गाद्या खरेदी करता येतात. रात्री अडीच वाजता ताप आलेल्या मुलीच्या उशाशी बसणारी बाई निविदा काढून मिळत नाही. तिला पुरेसा पगार, सन्मान आणि कायम नोकरी द्यावी लागते. रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनींतून शिक्षिका, परिचारिका आणि गृहमाता घडविल्या. त्याच वाटेने आपल्याला जाता येईल. ऊसतोड कुटुंबांतून शिकून वर आलेल्या मुलींना या वसतिगृहांच्या कारभारात घ्या. गावातील स्त्रियांच्या समितीला तेथील हिशेब तपासण्याचा अधिकार द्या. तेथे कोणत्याही जातीची वेगळी पंगत नको आणि कोणत्याही धर्माची सक्ती नको. केडगावावर जो आक्षेप आपण घेतो, त्याचे खरे उत्तर असे दुसरे घर उभारून द्यावयाचे असते. ते १८९३ मध्ये फारसे कोणी दिले नाही. आज ते देणे आपल्याला शक्य आहे, कारण आज राज्य आपले आहे आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकारही आपला आहे.

येथे जमलेल्या शिक्षिकांना माझी एक विनंती आहे. या वर्षी पट्टा पडून टोळ्या परत येतील तेव्हा आपल्या वर्गातील ज्या मुली हंगामात गेल्या होत्या त्यांची यादी करा. कोण परत आली, कोण सासरी गेली, कोणाला वसतिगृहात जागा मिळाली असती तर ती थांबली असती, हे नावानिशी लिहा. ती यादी मुख्याध्यापकांना द्या, पंचायत समितीला द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी, त्या यादीतील प्रत्येक मुलीसाठी खाट आणि ताट कोठे आहे, हे आपण सर्वांनी मिळून विचारू.